डावीकडची मोकळी जागा

एपीएल या संगणकभाषेत नुसतं '÷४' लिहिलं तरी ०.२५ असं उत्तर येतं. डावीकडे काहीच नाही, तरी वाक्य पुरं आहे. तिथे १ असल्यासारखंच. वजाचं चिन्ह एकटं आलं की डावीकडे ० धरायचा, आणि लॉगॅरिदमला पाया दिला नाही तर तो 'ई'. केनेथ आयव्हरसनने १९६२च्या पुस्तकात मांडलेल्या चिन्हलिपीतून ही भाषा घडली. तिच्यातली एकाच चिन्हाच्या दोन अर्थांची ही जोडगोळी मला नुसती काटकसर वाटत नाही; एका आणि दोन आर्ग्युमेंटांच्या अर्थांत खरं नातं आहे.

मी बोळिंजला राहतो आणि मुंबईत शेअरबाजाराच्या आकड्यांवर क्यू भाषेत काम करतो. रविवारी कॉलनीतली कॉलेजची मुलं शिकायला येतात. त्यांना मी शाळेतलं उभयविध क्रियापद आठवायला सांगतो. 'दार उघडलं.' 'मी दार उघडलं.' क्रियापद तेच, डावीकडे 'मी' आला आणि ते सकर्मक झालं. आयव्हरसन आणि रॉजर हुई यांनी १९९०च्या सुमारास 'जे' भाषा केली, तेव्हा तिच्यात फंक्शनला क्रियापदच म्हटलं.

आपण स्वतः फंक्शन लिहितो तेव्हा मात्र जपावं लागतं. एकच आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनला दोन दिले, तर आयबीएमचं एपीएल२ तिथल्या तिथे 'व्हेलन्स एरर' म्हणून थांबतं. डायलॉग एपीएलच्या छोट्या फंक्शनांत डाव्या आर्ग्युमेंटाला, म्हणजे अल्फाला, सुरुवातीलाच किंमत देऊन ठेवता येते; बोलावणाऱ्याने अल्फा दिला असेल तर भाषा ती ओळ सोडून देते. मला ही सोय सगळ्यांत समंजस वाटते.

आर्थर व्हिटनीच्या क्यूचा स्वभाव निराळा. चिन्ह उलटवायला तिथे 'नेग' हा वेगळा शब्द आहे. वाचायला सोपं, पण ते नातं दिसेनासं होतं. आर्ग्युमेंट जास्त झाले तर 'रँक' अशी चूक येते. कमी पडले तर भाषा गप्प राहते आणि अर्धं भरलेलं फंक्शन हाती देते. त्याला प्रोजेक्शन म्हणतात. दर एकदा बसवून तेच फंक्शन हजारो सौद्यांवर चालवायचं असेल, तर याच्यासारखं हत्यार नाही. पण आर्ग्युमेंट विसरून राहिला असेल, तर तेच प्रोजेक्शन बिनबोभाट पुढे सरकतं आणि दहा ओळींनंतर भलत्याच जागी 'टाइप'ची चूक येते. त्या ओळीत काहीच चुकलेलं नसतं. म्हणून मुलांना मी मागे जाऊन एकेका नावाचा टाइप विचारायला लावतो. जिथे १०४ हा प्रोजेक्शनचा टाइप येईल, तिथे कुणाचा तरी आर्ग्युमेंट द्यायचा राहिला आहे.