न बोलणारें घर

भयानक चित्रपट आम्ही सहसा पाहत नाहीं. जें भय संसारांत फुकट मिळतें त्यासाठीं तिकिटाचे पैसे कां मोजावे, हा आमचा जुना युक्तिवाद आहे. परंतु नातवंडांपुढें युक्तिवाद चालत नाहीं. आणि 'अ क्वायट प्लेस' हा २०१८ सालचा अमेरिकन चित्रपट त्यांच्यासमवेत आम्हांस पाहावा लागला. चष्मा पुसण्याच्या निमित्तानें मान खालीं घातली तेवढा भाग वगळल्यास तो आम्हीं समग्र पाहिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कोठून तरी अक्राळविक्राळ प्राणी पृथ्वीवर उतरले आहेत. त्यांस दृष्टि नाहीं. पण कान असे कीं, हातांतून भांडें निसटावें आणि माणूस संपावा. गांवें ओस पडलीं आहेत. शेतावरील एका घरांत आईबाप व मुलें जीव मुठींत धरून राहतात. तीं वाटांवर वाळू अंथरून अनवाणी चालतात, ताटांऐवजीं पानांवर जेवतात (पत्रावळीचा हा गुण आमच्याही ध्यानीं आला नव्हता!), आणि खुणांनीं बोलतात. थोरली मुलगी बहिरी असल्यामुळें खुणांची भाषा त्या घरास आधींच अवगत आहे. ही भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः बहिरी आहे. बापाचें काम दिग्दर्शक जॉन क्रॅसिन्स्की यांनीं व आईचें त्यांच्या पत्नी एमिली ब्लंट यांनीं केलें आहे.

आई गरोदर आहे. ऐन वेळीं जिन्यांतील खिळा तिच्या तळपायांत रुततो, आणि तिला 'आई ग' म्हणण्याचीही सोय नाहीं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर येरझारा घालणाऱ्या माणसास एकच धास्ती असते, मूल रडलें कां नाहीं ही. येथें मूल रडेल ही धास्ती! त्याच्यासाठीं झांकणाची पेटी व प्राणवायूची नळी आईबापांनीं आधींच सिद्ध ठेविली आहे. ती पेटी पाहून आमच्या अंगावर जो कांटा आला, तो त्या प्राण्यांच्या जबड्यांनीं आला नाहीं. मधूनच होणारा वाद्यांचा कडकडाट तर आम्हांस हलका वाटला; दचकविणें म्हणजे भिवविणें नव्हे.

भरतमुनींनीं भयानकाचा स्थायी भाव भय व करुणाचा शोक मानिला आहे. या चित्रपटांत भय हें वरचें पांघरूण आहे. आरंभींच धाकट्या मुलाच्या हातांतलें खेळण्यांतलें अंतराळयान बाप काढून घेतो. बहीण मायेनें तें गुपचूप परत देते. पुलावर तें वाजूं लागतें, आणि मूल जातें. वर्ष उलटलें, तरी बाप आपणांस दोष देतो असें मुलगी मानते. तसें तो कधीं म्हणाला नाहीं. तसें नाहीं, असेंही म्हणाला नाहीं. मधला मुलगा धबधब्याच्या घोषाआड, जेथें मोठ्यानें बोलतां येतें तेथें, बापास सांगतो कीं, हें तिला सांगा.

वडीलधाऱ्यांदेखत पोटच्या पोरास उचलून न घेण्याची रीत आमच्या पिढीनें पाहिली आहे. त्या बापांच्या मागें कोणताही राक्षस लागला नव्हता. तरी कित्येकांचें तें वाक्य ओठांआडच राहून गेलें.

धबधब्यापाशींच घर कां बांधलें नाहीं, हा नातवाचा प्रश्न रास्त होता. त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पण अखेरीस बाप खुणांनीं तें वाक्य मुलीस सांगतो, आणि मुलांवर आलेलें संकट स्वतःकडे ओढून घेण्यासाठीं गळा फोडून ओरडतो, तेव्हां तो प्रश्न आम्ही सारेच विसरलों. त्यानंतर ती मुलगी, तिला ज्या तळघरांत जाण्याची मनाई होती तेथें, प्रथमच जाते. मेजावर तिच्याच कानांसाठीं बापानें जुळविलेलीं, बिघडलेलीं, पुन्हा जुळविलेलीं यंत्रें पडलेलीं असतात. ती एकेक यंत्र पाहत उभी राहते.