आमचें जपानी शिक्षण

पालकसभेच्या दिवशीं हल्लीं एक प्रश्न आम्हांस हटकून ऐकावा लागतो: “गुरुजी, पोराले जपानी शिकवली त किती महिन्यांत परीक्षा पास होईन?” २०१९ सालच्या एप्रिलपासून जपान सरकारनें परदेशच्या कामगारांकरितां नव्या प्रकारचा परवाना सुरू केला. त्यासाठीं जपानी भाषेच्या प्रावीण्यपरीक्षेची खालून दुसरी पायरी, अथवा तिच्या तोडीची दुसरी एक परीक्षा, उतरावी लागते. ही वार्ता आतां मलकापूर-खामगांवच्या बाजारांतही पोहोंचली आहे. ती पायरी आम्ही एकदां चढलों असल्यामुळें प्रश्न आमच्याकडेच यावा हें साहजिक आहे. म्हणून चार गोष्टी येथें सांगतों.

जपान सरकारची, नोकरींत असलेल्या शिक्षकांसाठीं, दीड वर्षाची एक शिष्यवृत्ति आहे. वय पस्तिशीच्या आंत व निदान ५ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, अशी तिची अट. ती मिळून २०१४ च्या ऑक्टोबरांत आम्ही ओकायामा शहरीं गेलों. पुण्यांतील पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना सांगावयास हरकत नाहीं कीं तें ओकायामाच्याच कोराकुएन नामक बागेच्या धर्तीवर केलेलें आहे. पहिले सहा महिने केवळ भाषा शिकावयाची होती. वर्गांत बहुतेक मुलें वीस-बावीस वर्षांचीं. शेजारच्या बाकावरील व्हिएतनामची मुलगी आमचें अर्धें पान लिहून होतें न होतें तोंच पूर्ण पान उलटीत असे.

भाषेचें दार प्रथम सोपें वाटतें. जपानी मुळाक्षरें अ, इ, उ, ए, ओ अशीं सुरू होतात व पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी लागतात. बौद्ध भिक्षूंबरोबर जी संस्कृत वर्णमाला पूर्वेकडे गेली, तिच्याच वळणावर ही मांडणी झाली आहे. वाक्यरचनाही आपल्यासारखीच. ‘वाताशि वा गाक्कोऽ नि इकिमासु’ म्हणजे ‘मी शाळेला जातों’. यांतला ‘नि’ हा आपला ‘ला’, आणि क्रियापद शेवटीं. इंग्रजी शिकतांना वाक्याची जी उलटापालट करावी लागते ती येथें नाहीं. परंतु दाराच्या आंत पाऊल टाकलें कीं चित्राक्षरांचें अरण्य लागतें. नित्य व्यवहाराचीं म्हणून सरकारनें २०१० सालीं जीं अक्षरें ठरविलीं तींच २,१३६ आहेत, आणि पुष्कळांचे उच्चार दोन-दोन, तीन-तीन! ‘मनुष्य’ व ‘झाड’ यांचीं चिन्हें शेजारीं शेजारीं मांडलीं कीं ‘विसावा’ असा अर्थ होतो, हें पाहून मन प्रसन्न होतें खरें. पण सगळींच अक्षरें इतकीं मनमिळाऊ नसतात. एकेक अक्षर आम्हीं चौकटीच्या वहींत वीस-वीस वेळां गिरविलें. बाराखडी घोकून घेणाऱ्या जुन्या पंतोजींची तेथें फार आठवण झाली.

परीक्षेस १९८४ सालीं आरंभ झाला. हल्लींच्या पांच पायऱ्या २०१० पासूनच्या. जुलै व डिसेंबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारीं ती होते, व आपल्याकडे पुण्या-मुंबईसही देतां येते. (रविवारची उपासना न चुकविणाऱ्यांनीं हें अगोदरच ध्यानीं ठेवावें.) आम्ही जी पायरी दिली तिला १८० पैकीं ९० गुण लागतात; त्यांतही श्रवणाच्या भागांत ६० पैकीं १९ मिळालेच पाहिजेत, नाहींतर बाकीचे गुण फुकट. मात्र निबंध नाहीं, तोंडी परीक्षा नाहीं. दिलेल्या उत्तरांतून एक निवडून पेन्सिलीनें गोल काळा करावयाचा. म्हणजे एक शब्दही न बोलतां मनुष्य पास होऊं शकतो. ही सोय आहे कीं उणीव, तें आम्हांस जूनमध्यें कळलें.

एप्रिलांत आमचें कुटुंब पांच वर्षांच्या मुलास घेऊन तेथें आलें होतें. तिकडेही जूनमध्यें आपल्यासारखीच झड लागते. अशाच एका रात्रीं मुलाचा कान दुखूं लागला. रडणें थांबेना, अंगांत ताप. शेजारच्या बाईंनीं टॅक्सी बोलावून दिली व आम्ही रात्रीच्या दवाखान्यांत गेलों. ‘कान’, ‘दुखतो’, ‘दुपारपासून’, ‘ताप ३९’ एवढें आम्हीं न अडखळतां सांगितलें. डॉक्टरांनीं मान हलविली आणि विचारलें, “झुकिझुकि? चिकुचिकु?” आमच्या वहींत तोंवर आठशें शब्द जमले होते, त्यांत हे दोन नव्हते. डॉक्टर पुन्हां सावकाश बोलले. शब्द तेच. मूल छातीशीं कण्हत होतें आणि पदवीधर बाप मुका उभा होता.

कुटुंबानें जपानीचें पुस्तक कधीं उघडलेंही नव्हतें. ती मुलाजवळ वांकली व म्हणाली, “बाळा, ठणकतं का टोचतं?” “ठणकतं.” तेव्हां तिनें आपली मूठ डॉक्टरांपुढें धरली आणि नाडी उडावी तशी ती मिटूं-उघडूं लागली. “आऽ, झुकिझुकि!” डॉक्टर म्हणाले. त्यांनीं कान तपासून औषध दिलें. पहाटेस मूल झोंपलें.

दुसऱ्या दिवशीं आमच्या शिक्षिकाबाईंनीं उलगडा केला. झुकिझुकि म्हणजे ठणकणें, चिकुचिकु म्हणजे टोचणें. पोटांत बारीक बारीक दुखत राहिलें तर शिकुशिकु. जपानी मूल हे शब्द आईच्या मांडीवर शिकतें. आमच्यासारख्या परकीयांच्या प्राथमिक पुस्तकांत ते आले नव्हते. आपल्याकडे तरी दुसरें काय आहे? ठसठस, चुरचुर, भणभण, कळ, चमक, मुरडा हे शब्द आपणांस कोणत्या इयत्तेंत शिकविले, तें कोणी सांगावें!

५ जुलै २०१५ रोजीं परीक्षा झाली. एकंदर १०४ गुण मिळाले. श्रवणांत अवघे २१. प्रमाणपत्र आम्हीं जपून ठेविलें आहे.

परवां एक माता आल्या होत्या. मुलीस जपानांत वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामास पाठवावें असें त्यांच्या मनांत आहे. त्या कामाकरितां नेहमींच्या भाषापरीक्षेखेरीज शुश्रूषेच्या भाषेची निराळी परीक्षा असते, व ती असावी हें आम्हांस फार योग्य वाटतें. रोज दोन तास धरले तरी वर्षाचा हिशेब करा, सहा महिन्यांचा करूं नका, असें आम्हीं त्यांस सांगितलें.

परंतु मनांत घोळतें तें याहून जवळचें. आमच्या वसतिगृहांत जळगांव-जामोद तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याचीं मुलें आहेत. कित्येकांची घरची भाषा कोरकू. दोघांच्या घराण्यांत निहाली. ही निहाली जगांतील कोणत्याही भाषाकुळांत बसत नाहीं. कायपर नांवाच्या डच पंडितानें १९६२ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. ती बोलणारीं माणसें फार थोडीं उरलीं आहेत. अशा मुलास “काय होतें रे?” म्हणून विचारलें तर तो म्हणतो, “दुखते.” कसें दुखतें म्हटलें कीं गप्प. कोणी त्यास मठ्ठ म्हणतात, कोणी म्हणतात घरीं पळण्याचें निमित्त. त्या रात्रीं दवाखान्यांत आम्हांस कोणी पाहिलें असतें, तर आमच्याविषयींही असेंच मत झालें असतें.

गेल्या वर्षीं वसतिगृहांत आम्हीं एक वही घातली. तींत चार रकाने आहेत: पुस्तकी मराठी, वऱ्हाडी, कोरकू आणि निहाली. डोकें, कान, दांत, पोट कसें कसें दुखतें त्याचे शब्द मुलांनीं आपले आपण लिहावयाचे. कोणी आजारी पडला कीं मेट्रनबाई ती वही घेऊन त्याच्या खाटेशीं बसतात. कोरकूचा रकाना भरत आला आहे. निहालीचा बराचसा मोकळा आहे, कारण त्या दोघांपैकीं मोठ्याच्या घरीं आतां कोरकूच बोलतात. धाकटा सहावींत आहे. तो म्हणतो, आजीला सगळे शब्द येतात. दिवाळीच्या सुट्टींत तिला विचारून आणतों.