धीर या शब्दाविषयी

लांजा, जिल्हा रत्नागिरी

चि. बायेस,

तुझे पत्र पावले. रुग्णालयातील रात्रपाळीत चहूबाजूंनी हाका येऊ लागल्या म्हणजे आईचे 'धीर सोडू नकोस' हे शब्द आठवतात, परंतु जो सोडायचा नाही तो धीर म्हणजे नेमके काय, हा तुझा प्रश्न मला मोलाचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो.

या शब्दात दोन प्रवाह मिसळले आहेत. वेदकाळी 'धी' म्हणजे बुद्धी, आणि तीवरून धीर म्हणजे प्रज्ञावान. पुढे 'धृ', म्हणजे धारण करणे, या धातूचा अर्थही त्यात उतरला आणि धीर म्हणजे अविचल असे झाले. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गाच्या अखेरीस, तपाला विघ्न होण्याचा संभव असूनही शंकर पार्वतीची सेवा स्वीकारतात त्या प्रसंगी, चित्त ढळण्याची कारणे समोर उभी असता ज्याचे चित्त ढळत नाही तोच धीर, असा निवाडा दिला आहे. संस्कृत नाट्यमीमांसकांनीही नायक उदात्त असो, ललित असो, प्रशांत असो वा उद्धत असो, चौघांच्याही नावाआरंभी 'धीर' हेच पद ठेवले. फारसी अमदानीत 'दम' आणि 'सबुरी' हे शब्द आपल्या बोलीत आले व रुजले. परंतु दम धरणारा श्वास आवरतो आणि सबुरी राखणारा वाट पाहतो, तर धीर धरणारा आपली बुद्धी शाबूत राखून पुढचे कर्तव्य करीत राहतो.

याचा दाखला आपल्या तालुक्याशीच निगडित आहे. कोट हे झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचे सासरचे गाव. 1858 च्या एप्रिलात झाशी हातची गेली. त्यानंतर काळपीच्या वाटेवर वरसईचे विष्णुभट गोडसे यांची आणि राणीची एका विहिरीपाशी गाठ पडली. तो वृत्तांत गोडशांच्या 'माझा प्रवास' या 1907 साली छापलेल्या ग्रंथात आहे. राज्य गेलेले, अंग धुळीने माखलेले, घसा तहानेने कोरडा. तरीही विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे हे त्या बाईंना रुचले नाही. मनातील खेद त्यांनी त्याच्यापाशी बोलून दाखविला आणि पुन्हा घोड्यावर स्वार होऊन त्या मार्गस्थ झाल्या. दुःख लपविणे हा धीर नव्हे. दुःख उघड असतानाही औचित्याचे भान न सुटणे, हा धीर.

म्हणून भीती वाटली तर स्वतःला उणे लेखू नकोस. ती वाटत असतानाच औषधाची मात्रा पुन्हा एकदा नीट वाच. आणखी एक ध्यानात ठेव: मराठीत धीर जसा धरतात तसा देतातही, आणि रुग्णाला तो देताना तुझाही वाढेल.

तुझा,
काका