सम शोधणारे कान

कोरा हे पश्चिम आफ्रिकेतलं तंतुवाद्य लावलं की ऐकणाऱ्यांतले निम्मे तरी पाच मिनिटांत म्हणतात, "किती शांत वाटतं!" हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचा थोडा रागच येतो. शांत वाटतं हे खोटं नाही. योगवर्गात, मसाज करणाऱ्या महागड्या जागी, विमान उडण्यापूर्वी असं कुठेही हे वाद्य पाठीमागे लावलं तर कुणाला त्रास होत नाही, हेही खरं. पण यातल्या कित्येक चाली योद्ध्यांच्या आहेत. कोरा शिकणाऱ्याला आधी जी चाल देतात ती 'केलेफा', लढाईत पडलेल्या केलेफा साने नावाच्या वीराची. आपल्याकडे कुणी तानाजीचा पोवाडा ऐकून "छान झोप लागते" म्हणालं तर शाहीर काय म्हणेल?

त्यापेक्षा "कंटाळा आला बुवा" म्हणणारा श्रोता मला जवळचा वाटतो. त्यानं निदान कान देऊन ऐकलेलं असतं. एकच चार-सहा स्वरांचं वळण पुन्हा पुन्हा येतंय, पुढे काही घडत नाहीये, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. ते खरंच येत असतं. त्याला तिकडच्या मांदिंका समाजातले वादक कुंबेंगो म्हणतात. हा पाया चालू ठेवायचा आणि मधूनच त्यावरून सरसर उतरणारी तान सोडायची. तिचं नाव बिरिमिंतिंगो. कंटाळलेल्याचं लक्ष पायावरच राहतं आणि भारावलेल्याचं तानेवर. वादक मात्र दोन्ही एकटाच करत असतो, तेही चार बोटांत.

हे कसं होतं ते वादकाचे हात जवळून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. मोठ्या भोपळ्याचं अर्धं कवच, त्यावर ताणून बसवलेलं गाईचं कातडं, कवचातून आरपार गेलेला लाकडी दांडा. तारा एकवीस, डाव्या हाताच्या रांगेत अकरा आणि उजव्या हाताच्या रांगेत दहा. पूर्वी त्या हरणाच्या कातड्याच्या असत, आता मासेमारीचा नायलॉन वापरतात. जुन्या घडणीत दांड्याला खुंट्या नसतात, चामड्याची वेटोळी असतात. स्वर लावायचा म्हणजे ती वेटोळी बोटांनी वरखाली सरकवायची. वादक तारांकडे तोंड करून बसतो, दोन्ही हातांच्या मागच्या तीन-तीन बोटांनी दोन मुठी पकडतो आणि उरलेल्या दोन अंगठ्यांनी व दोन तर्जन्यांनी सगळा संसार करतो. अंगठे खालचा पाया सांभाळतात, तर्जन्या वर धावतात. मालीतल्या तुमानी दियाबातेचा १९८८ सालचा 'कैरा' हा एकट्या कोराचा अल्बम पहिल्यांदा ऐकणारे हमखास विचारतात, दुसरा कोण वाजवतोय? दुसरा कुणी नाही.

आमच्या घरात या अल्बमनं दोन तट पाडले. आत्या पेटीवर वाढलेली. तिनं डोळे मिटले आणि एका सुरावटीपाशी म्हणाली, "अगं, हा यमनाकडे निघालाय." उगाच नव्हती म्हणत. कोरा लावण्याच्या ज्या मोजक्या पद्धती आहेत, त्यांतल्या 'साउता' नावाच्या पद्धतीत मध्यम तीव्र असतो. आत्याला ती पद्धत, ते नाव काही ठाऊक नव्हतं, पण तीव्र मध्यम तिच्या कानातून सुटणं शक्यच नव्हतं. मग ती पुढे यमन ऐकायला लागली आणि तिथंच फसली, कारण पुढे यमन नव्हता. आलाप नाही, बढत नाही, द्रुत नाही. "चांगलं सुरू करतो आणि मग तिथंच घुटमळतो," असा निकाल देऊन ती चहा टाकायला गेली.

चुलतभाऊ तबला वाजवतो. त्याची अडचण वेगळी. त्याला सम सापडेना. मांडीवर तो चारच्या हिशेबानं टाळी देत होता आणि त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको मान डोलवत होती ती तीनच्या हिशेबानं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला वाटलं ती चुकतेय, तिला वाटलं तो. दोघंही बरोबर होती. या संगीतात बारा बारीक मात्रांचं चक्र अनेकदा असं विणलेलं असतं की त्यावर तीनही बसतात आणि चारही, आणि चक्राचं तोंड नेमकं कुठं हे वाजवणारा ठासून दाखवत नाही. आपल्या कानांना समेवर येऊन 'वाः' म्हणायची सवय. इथं वाः म्हणायला उंबरठाच नाही.

पण मग तिकडची माणसं दाद कुठे देतात? याचं उत्तर मला फार उशिरा उमगलं. जेली, म्हणजे परंपरेनं चालत आलेले गाणारे-वाजवणारे, जेव्हा कथा सांगतात तेव्हा शेजारी एक माणूस बसलेला असतो. प्रत्येक वाक्याला "नामू" म्हणायचं, एवढंच त्याचं काम. झीलकऱ्याच्या 'जी जी'सारखंच ते. जी जी नसेल तर शाहिरानं पुढची ओळ टाकायची कुणाच्या भरवशावर? शिवाय ज्याच्या घराण्याची स्तुती चालली आहे तो उठतो, पुढे येतो, नोटा देतो. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंजाताची चाल वाजली की केयता आडनावाचा माणूस इतरांसारखा बसून राहू शकत नाही, कारण ते कूळ स्वतःला त्याच्याच वंशातलं मानतं. शब्द नसले तरी बिघडत नाही. नुसती चाल पुरते, तिच्यातच नाव आहे. त्याच खोलीत बसलेल्या परक्या पाहुण्याला मात्र झऱ्याचं पाणी ऐकू येत असतं. झरा आणि पाणी हे शब्द परीक्षणांतून इतके वाहिलेत की त्यांना आता बांध घालायला हवा.

आवाजाच्या पोताबद्दलही असाच मतभेद आहे. घोडीला पूर्वी धातूची पातळ पट्टी अडकवलेली असे, तिला कडेनं बारीक कड्या. तार छेडली की तिच्याबरोबर एक किणकिण, एक खरखर निघायची. गर्दीत, उघड्यावर तो आवाज लांब जायचा आणि लोकांना तो हवाही असायचा. हल्ली बरेच वादक ती पट्टी लावत नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणांत ती ऐकली की नव्या श्रोत्याला वाटतं, स्पीकर फाटलाय. ज्यानं मिरजेचा तंबोरा जवळून ऐकला आहे, घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा जीव पाहिला आहे, त्याला तरी असं वाटू नये.

गिटारचं प्रकरण आणखी मजेशीर. ते वाद्य तिकडे बाहेरून आलं, पण वाजवणाऱ्यांनी त्यावर कोराचं नि लाकडी पट्ट्यांच्या बालाफोनचंच वळण चढवलं. मालीची राजधानी बामाको इथल्या रेल्वे स्टेशनच्या हॉटेलात वाजवणाऱ्या रेल बँडमधला जेलिमादी तुंकारा किंवा गिनीच्या बेंबेया जाझमधला सेकू दियाबाते ऐकावा. विजेची गिटार, पण बोटं जेलीची. मालीच्या उत्तरेकडच्या निआफुंकेचा अली फारका तूरे मात्र जेली घराण्यातला नव्हे. स्वतःला तो आधी शेतकरी म्हणवायचा. त्याचं वादन ऐकून युरोप-अमेरिकेतल्या श्रोत्यांना लगेच ब्लूज आठवला, जॉन ली हुकर आठवला, आणि 'आफ्रिकेचा ब्लूजवाला' असा शिक्का बसला. अलीला तो मान्य नव्हता. झाड इथलं, फांदी तिकडे गेली, असं त्याचं म्हणणं. मला तो बरोबर वाटतो, पण त्याच्या बाजूनं फार जोरात भांडवतही नाही, कारण ब्लूज आवडणाऱ्यांनीच त्याला घराघरांत नेलं. रॉय कूडर नव्हे, राय कूडर या अमेरिकी गिटारवाल्यानं जयपूरच्या मोहनवीणावादक विश्वमोहन भट्टांबरोबर केलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यानं अलीबरोबर केलेल्या 'टॉकिंग टिंबक्टू'लाही. आमच्याकडचे काही जण मोहनवीणेच्या वाटेनंच निआफुंकेला पोचले.

या सगळ्या श्रोत्यांना एकत्र बसवायचं असेल तर मी २००५ चा 'इन द हार्ट ऑफ द मून' लावते. बामाकोत नायजर नदीकाठच्या हॉटेल मांदेमध्ये अली आणि तुमानी समोरासमोर बसले आणि फारशी तालीम न करता वाजवत गेले. अलीची गिटार सबंध वेळ खालीच राहते, एखाद्या चालीत तर जवळजवळ काहीच करत नाही, आणि तुमानीची तर्जनी वर सुटते. अली इथं काय करतोय ते मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं. तो नामू म्हणतोय. वयानं पंचवीसेक वर्षांनी मोठा, दोघांत जास्त गाजलेला, आणि तरी धाकट्याला जी जी देत बसलाय. पुढच्याच वर्षी, मार्च २००६ मध्ये, अली गेला. तुमानी गेला जुलै २०२४ मध्ये, साठीही न गाठता.

तुमानीचा मुलगा, आजोबांच्याच नावाचा सिदिकी, आज मालीतल्या तरुणांचा लाडका गायक आहे. कोरा हातात असतो, पण भोवती संगणकातले ठेके आणि यंत्रातून गाळलेला आवाज. मला ती गाणी फारशी झेपत नाहीत. बहिणीच्या मुलाला मात्र ती एकदम पटली. नववीत आहे, फोनवर तीच वाजवत हिंडत होता. मी संधी साधली, म्हटलं, अरे, हाच कोरा याच्या बाबांनी कसा वाजवलाय ते ऐक, आणि 'कैरा' लावला. तो शहाण्यासारखा बसला. मांडीवर बोटही धरलं, चारच्या नव्हे, तीनच्या हिशेबानं. दोनेक मिनिटं गेल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, भारी आहे. पण गाणं कधी सुरू होणार?"