मरीयेचा रंग

मुलींनो, (आणि मुलांनो, तुम्हीही वाचा बरं का!) आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हाला किती आवडतं, ते मला ठाऊक आहे!

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलचा वर्ग घेते. मागच्या नाताळात आम्ही येशूजन्माची नाटिका बसवत होतो. मरीयेच्या कामासाठी मी सहावीतल्या करुणाला निवडलं. (नाव बदललंय हं!) तिचं पाठांतर चोख आणि आवाज खणखणीत.

रंगीत तालमीचा दिवस. कुणी मेंढपाळाचं घोंगडं पांघरत होतं, कुणी देवदूताचे पंख बांधत होतं. मी करुणाला समोर बसवलं आणि पावडरचा डबा उघडला. एक थर झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. तिचा सावळा चेहरा राख फासल्यासारखा दिसू लागला. आरशात बघत ती हळूच म्हणाली,

"बाई, मरीया गोरी होती का?"

माझा हात तिथंच थांबला.

मी पाचवीत होते तेव्हा मलाही मरीया व्हायचं होतं. सगळे संवाद पाठ होते. पण कुणीतरी हसत म्हणालं, "काळी मरीया कुठं असते का?" आणि मी मेंढपाळ झाले. त्या रात्री मी साबणानं तोंड इतकं घासलं, की गाल चुरचुरायला लागले. आईला काहीच सांगितलं नाही. आणि आज तोच डबा माझ्या हातात होता!

मी ओला रुमाल घेतला आणि करुणाचा चेहरा पुसून काढला. म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगते."

रात्री मी मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमाने काढून बसले. मरीयेचा रंग? उंची? केस? एक अक्षरही नाही! ती कशी वागली, तेवढंच लिहिलं आहे. देवदूताचा निरोप तिने विश्वासाने स्वीकारला, अलीशिबेला भेटायला ती डोंगराळ मुलखात गेली, बाळाला तिने गव्हाणीत निजवलं. मग गोरी मरीया आपल्या डोक्यात आली कुठून? युरोपातल्या चित्रकारांनी आपल्याकडच्या बायकांसारखी मरीया रंगवली. तीच चित्रं भेटकार्डांवरून आपल्या घरी आली.

रविवारी मी मुलींना आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं दाखवली. हे चित्रकार १९०२ साली गोव्यात जन्मले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांनी रंगवलेली मरीया सावळी, साडी नेसलेली! करुणा कितीतरी वेळ ते चित्र बघत राहिली.

मग मी शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. नवा राजा निवडायला तो बेथलेहेमात इशायाच्या घरी गेला. थोरला अलियाब उंच, रुबाबदार. शमुवेलाला वाटलं, हाच तो! पण देवाने बजावलं, की माणसं रूप बघतात, मी मन बघतो. शेवटी निवड झाली ती रानात मेंढरं राखणाऱ्या धाकट्या दावीदाची.

तेवढ्यात एक चुणचुणीत मुलगी उठली. "पण बाई, दावीदही देखणा होता, असं पुढं लिहिलंय!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. म्हटलं, "खरंय गं! देखणं असणं हा काही गुन्हा नाही. पण देखणा म्हणून देवाने त्याला निवडलं नाही. देखणा अलियाब तर आधीच समोर उभा होता ना?"

मग मुलींची तोंडं उघडली. एकीला काकू 'भोपळा' म्हणते, म्हणून ती डब्यातली पोळी परत नेते. एकीला मोबाइलमध्ये चेहरा गोरा केल्याशिवाय फोटोच आवडत नाही. मी त्यांना सांगितलं, कातडीतलं मेलॅनिन आपल्याला सावळा रंग देतं आणि तेच उन्हापासून आपलं रक्षणही करतं. तुमच्या वयात उंची वाढते तसं वजनही वाढायला हवं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीराला मंदिर म्हटलं आहे. मंदिराला कुणी उपाशी ठेवतं का? त्याला नावं ठेवतं का?

आईबाबांनो, एक विनंती. मुलगी आरशासमोर उभी असताना तुमचं गमतीतलं वाक्य तिच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. माझ्या मनात पंचवीस वर्षं राहिलं आणि नकळत माझ्याच हातातून करुणाच्या गालावर उतरलं. आमचं रूप देवाने घडवलं, असं आपण प्रार्थनेत म्हणतो. मग प्रार्थनेनंतर लगेच त्यात खोट कशी काढायची?

नाताळला करुणा पावडर न लावता उभी राहिली. निळी ओढणी डोक्यावर, बाहुली कुशीत. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

आणि तो पावडरचा डबा? तो मी मुलांना कॅरम खेळायला देऊन टाकला. सोंगट्या काय मस्त सरकतात म्हणून सांगू!