चीनचा इतिहास शिकून काय करणार?

"अक्का, चीनचा इतिहास शिकून पोरगी काय करणार? तूच समजाव तिला." धाकट्या भावाचा फोन आला आणि मी भालकीहून खटकचिंचोळीची बस धरली. खरं सांगते, समजवायलाच निघाले होते. मी शाळेत इतिहास शिकवला, पण चीन म्हणजे पुस्तकातली दोन पानं.

भाचीला दिल्लीला जाऊन आधी चिनी भाषा शिकायची, मग संशोधन. म्हणजे सात-आठ वर्षं गेलीच! "आत्या, भाषा आल्याशिवाय त्यांचे जुने कागद कसे वाचणार?" ती म्हणाली. मग तिनंच वसंत परांजपे यांचं सांगितलं. ते १९४७ साली पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि दोन वर्षांत तिथलं राज्यच बदललं. पुढे १९५४ साली नेहरू आणि माओ बोलले तेव्हा दुभाषे हेच मराठी गृहस्थ होते.

१९६२ च्या युद्धानंतर ही वाट बंद झाली. १९७६ पर्यंत दोन्ही देशांत राजदूतही नव्हते. ज्या देशाच्या अभ्यासात आयुष्य घालवायचं, तिथं जाणंच मुश्कील. तरी गिरी देशिंगकर यांच्यासारख्यांनी अभ्यास सोडला नाही. १९६९ साली दिल्लीत चीनच्या अभ्यासकांचा एक गट जमला, त्यात ते होते. त्याच गटातून १९९० साली इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज ही संस्था उभी राहिली. देशिंगकर २००० साली गेले.

"ते सगळं खरं, पण पगाराचं बोल," भाऊ म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तूर विकून त्यानं तिच्या आजवरच्या फिया भरल्यात.

तेवढ्यात भाचीनं विचारलं, "आत्या, तुमच्या अज्जीची गोष्ट कुणी लिहून ठेवली का?"

आमची आई कन्नड घरातली, वडील मराठी. १९४८ ची पोलीस ॲक्शन आम्ही दोनदा ऐकली. आजोबा मराठीत सांगायचे, त्यात पुढारी आणि तारखा. आईची आई कन्नडात सांगायची, त्यात विहिरीत सोडलेली भांडी आणि अंधारात गाव सोडताना रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर धरलेला हात. तिचं मराठी मोडकं. घरातल्या ज्यांना कन्नड येत नव्हतं, त्यांना भांड्यांची गोष्ट कळली, लेकराची नाही. आणि मी, इतिहासाची बाई, दोन्ही भाषा येत असून एक ओळ लिहून घेतली नाही. अज्जी गेली.

पहिल्या वर्षाची फी माझ्या पेन्शनीतून देईन, असं मी बोलून गेले. भाऊ उठून गोठ्याकडे गेला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. भाची मात्र रोज फोन करते. काल म्हणाली, चिनीत पाण्याला 'श्वेइ' म्हणतात.