पार म्हंजी कोण?

सातव्या होलवर मित्र म्हणाला, "आठ." मी म्हणालो, "नऊ." पाण्यात गेलेल्या चेंडूचा दंडाचा फटका तो धरायला विसरला होता. रविवारची सकाळ, पैज नाही, बक्षीस नाही, बघायला कुणी उभं नाही. तरी मी खिशातली बोटभर पेन्सिल काढली, त्याचा आठ खोडला आणि वर नऊ लिहिला. तो हसला. पुढचे अकरा होल फारसं बोलला नाही आणि पुढच्या रविवारपासून आलाच नाही. गुडघा दुखतो, असा निरोप आला. तो खरा मानणं माझ्या सोयीचं होतं.

मी असा का वागायचो, हे मला फार उशिरा उमगलं. माझं गाव शिरड शहापूर, औंढा नागनाथ तालुका. बाहेरच्यांना खूण सांगायची तर औंढ्याचं ज्योतिर्लिंग, नाहीतर गावातलं मल्लिनाथाचं जैन अतिशय क्षेत्र. आम्हाला विचाराल तर हळद. माझ्या लहानपणी आमचा जिल्हा परभणी, हिंगोली वेगळा झाला तो १९९९ साली. तिथून निघून पुण्यात नोकरीला लागलो आणि चाळिशीच्या तोंडावर साहेबांच्या आग्रहाने गोल्फच्या मैदानावर पोचलो. पहिल्या दिवशी एकच धास्ती होती: कुणीतरी येऊन विचारेल, "आपण इथे कसे?" कुणी विचारलं नाही. पण विचारलंच तर उत्तर तयार असावं म्हणून मी नियम पाठ केले. पिशवीत काठ्या जास्तीत जास्त चौदा. हरवलेला चेंडू शोधायला पाच मिनिटं. २०१९ला नियम बदलले तेव्हा तीन. नवा चेंडू टाकायचा तो खांद्याच्या नाही, आता गुडघ्याच्या उंचीवरून. पिढीजात गोल्फ खेळणारे लोक आपसांत "राहू दे रे, उचल" म्हणून फूटभर अंतराचा शेवटचा फटका सोडून द्यायचे. मला ते परवडणारं नव्हतं. त्यांना कुणी रडीचा डाव म्हणणार नव्हतं, मला म्हटलं असतं. निदान मला तरी तसं वाटायचं.

आणि एवढं करून माझा स्कोअर शंभराच्या आत वर्षातून एखाद्या वेळी यायचा.

गेल्या पाडव्याला गावी गेलो तेव्हा गाडीच्या डिकीत तीन काठ्या राहिल्या होत्या: सात नंबरची आयर्न, एक वेज आणि पटर. घरासमोर शिजवलेली हळद वाळत पडलेली, कपड्यांनासुद्धा तिचाच वास. ज्वारीचं रान मोकळं झालं होतं, नुसती धसकटं उभी. संध्याकाळी एकटंच जाऊन दोन-चार चेंडू मारावेत म्हणून निघालो, तर मागोमाग चुलत भावाची दोन पोरं, शेजारची तीन आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत आमचे आबा.

"काका, हे एकट्यानंच खेळायचं का?" थोरल्या पुतण्याने विचारलं.

"चौघं असतात. पण ज्याचा डाव त्याचा त्याचा."

"मंग हरवायचं कुणाला?"

"पारला."

"पार म्हंजी कोण?"

आबा मागून म्हणाले, "पार मारुतीपुढं हाय की. त्याला कामून हरवाय चाललास?"

पार म्हणजे प्रत्येक होलसाठी ठरवून दिलेले फटके, हे मी समजावून सांगितलं. पोरांना त्यात काही राम दिसला नाही. नसलेल्या माणसाशी खेळायचं आणि रोज हरायचं, याला खेळ का म्हणायचं, असा त्यांच्या चेहऱ्यावर सरळ प्रश्न होता. त्यांनी तिघातिघांचे दोन संघ पाडले. लांब मारायची काठी एकच, तेव्हा सहा जणांनी सहा ठिकाणांहून मारायचं कसं? पुतण्याने निकाल दिला: संघातल्या ज्याची लांब जाईल, तिथूनच तिघांनी मारायचं. क्लबांच्या भाषेत याला स्क्रॅम्बल म्हणतात. आमच्याकडे कधी स्क्रॅम्बल ठेवलं की मी त्या दिवशी मुद्दाम कामं काढायचो. दुसऱ्याच्या फटक्यावर आपण पुढे जायचं, हा कसला खेळ!

काळ्या रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. माझा तिसरा चेंडू एका भेगेत गडप झाला. मी दंडाचं कलम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक पोरगं म्हणालं, "भेगंत गेली तर भेगंची चूक. दुसरी घ्या." मी घेतली.

मग होल. नियमाप्रमाणे त्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणून मी स्टीलचा ग्लास उपडा ठेवून माप आखलं. धसकटांतून उड्या मारत येणारा चेंडू त्यात पाऊण तासात एकदाही पडला नाही. पोरं घरी पळाली, घमेलं घेऊन आली आणि त्याच्या मापाची गल खणून मोकळी झाली. अमेरिकेत २०१४ साली पंधरा इंची होलांचा प्रयोग झाला होता, नावाजलेले व्यावसायिक खेळाडूसुद्धा त्यावर खेळले होते. ती बातमी वाचून मी नाक मुरडलं होतं. आता घमेल्याएवढ्या गलीत माझाच चेंडू पडला, तेव्हा मी केवढ्याने ओरडलो हे आबांनी नंतर घरी सगळ्यांना सांगितलं.

शेजारची सर्वांत धाकटी असेल सहा वर्षांची. ती कच्चं लिंबू. तिची काठी हवेत फिरली तरी फटका मोजायचा नाही, कंटाळली तर हाताने फेकायची मुभा. कुणी चर्चा केली नाही, कुणी हरकत घेतली नाही. आणि मला हँडिकॅप आठवला. तोच हो, ज्याचे आकडे मी दशांश चिन्हासकट सांभाळतो. २०२०पासून जगभर जी एक पद्धत लागू झाली, तिच्यात हँडिकॅप ५४पर्यंत मिळतो, म्हणजे अठरा होलांत दर होलामागे तीन फटक्यांची सूट. कच्चं लिंबूच की! फक्त इंग्रजीत, आणि वर्गणी भरून.

फटके मोजत होते आबा. बांधावर बसून, मोठ्याने: वकट, लेंड, मूंड, नाल. क्रिकेटवर वाढलेल्या पोरांना विटीदांडूची ही मोजणी म्हणजे गंमत वाटली. तेलुगूतल्या एक, दोन, तीन, चारशी ती थेट जुळते, आणि १९४८पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे आमच्याकडे ती परकी वाटायचं कारण नाही. अर्थात विटीदांडू खेळताना ती पुण्याकडची पोरंही म्हणायचीच. असो. आबा नालच्या पुढे गेलेच नाहीत. चारच्या वर फटके झाले की परत वकट. त्यामुळे कुणाचे किती झाले हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि अंधार पडून चेंडू दिसेना तोवर कुणी विचारलंही नाही.

रात्री अंगणात पडलो तेव्हा तो खोडलेला आठ आठवला. आणि चेंबूरची पोरंही.

चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीत कॅडीची कामं करणारी मुलं गल्लीत गोल्फ खेळतात. लोखंडी सळई टोकाला वाकवून काठी, चेंडू प्लास्टिकचा, आणि घरांच्या भिंतींमधून, नाल्याच्या कडेने नेमका फटका. त्यांचे फोटो मी पूर्वी पाहिले होते आणि जेवणाच्या टेबलावर शहाणपणा केला होता की कौतुक ठीक आहे, पण हे गोल्फ नव्हे. दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्या उचलून संध्याकाळी पुन्हा हौसेने हाच खेळ खेळणाऱ्या मुलांबद्दल हे मी बोललो होतो. आठवलं की अजून कान गरम होतात.

पुण्याला आल्यावर मी फार क्रांती केली नाही. स्पर्धेत आजही पेन्सिल काढतो, फटका न् फटका लिहितो. तिथे मला तेच आवडतं. रविवारचा कारभार मात्र बदलला. आम्ही आता बहुधा स्टेबलफर्ड खेळतो. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टराने १९३२मध्ये इंग्लंडातल्या वॉलसीला ही पद्धत रूढ केली. पारला दोन गुण, एक फटका जास्त झाला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा अधिक जास्त झाले की शून्य. मग उचला चेंडू आणि चला पुढे. एका होलने अख्खी सकाळ नासत नाही. महिन्यातून एकदा जोड्या पाडून स्क्रॅम्बल, हरलेल्या जोडीने मिसळ खिलवायची. पहिला फटका झाडीत गेला तर दुसरा चान्स. 'दुसरा चान्स' हे शब्द पहिल्यांदा उच्चारताना माझी जीभ जड झाली होती. पैसे लावायला मात्र मी अजून तयार नाही. दहा रुपयांवरून माणसं कशी बोलतात ते पाहिलंय.

मित्राला फोन करायला मला दोन आठवडे लागले. माफी वगैरे जमली नाही. "गुडघा कसा आहे?" एवढंच विचारलं.

"कुठला गुडघा?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मोजणार कोण?"

"आमच्या आबांची पद्धत. चारच्या पुढे परत एक."

तो आला. सातव्या होलवर त्याने पुन्हा चेंडू पाण्यात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "नऊ!" आम्ही दोघंही बराच वेळ हसत होतो. मागचे चौघे खोळंबले, म्हणून त्यांना पुढे जाऊ दिलं.

त्या दिवशीचे मात्र नऊच होते. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.